नावेला दिलेला लेप

माझा नवरा गेला तेव्हा त्याची नाव कन्हानच्या आमच्या घरामागे पडून होती. एका तलावावरचा नौकाविहार बंद पडल्यावर त्याने ती जुनी नाव हौसेने आणली होती. पुढच्या भागात सागवानी फळ्यांचं डेक, त्याखाली सामानाचा कप्पा. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपायचं आणि कप्प्यातली आमची सतरंजी दर वेळी भिजायची. "उन्हाळ्यात लेप देतो," म्हणायचा. डबे आणूनही ठेवले होते. मग हिवाळ्यात खापरखेड्याहून कामावरून परतताना त्याच्या छातीत दुखलं आणि सगळं संपलं.

सासरे आणि मी, दोघंच उरलो. मी ताट वाढायचे, ते खाली मान घालून जेवायचे. बोलणं जवळपास थांबलंच होतं.

उन्हं तापू लागली तशी एका सकाळी ते मला नावेवर बसलेले दिसले. स्क्रूड्रायव्हरने सांध्यांतलं जुनं, वाळून तडकलेलं भरण खरवडत होते.

"मामाजी, हे काय करून राहिले?"

"फटी मोकळ्या करून राहिलो. त्यानं म्हटलं होतं ना, उन्हाळ्यात करू."

मला राग आला. "आता कोणासाठी?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "मले नाही माहीत वं पोरी. हात रिकामे राहिले का जीव घाबरते."

मी आत गेले, डोक्याला ओढणी बांधली आणि त्यांच्याशेजारी येऊन बसले.

खरवडून झाल्यावर फळ्या घासल्या. सागाला स्वतःचं तेल असतं, त्यावर लेप धरत नाही. म्हणून थिनरने पुसून घेतल्या. सांधे नव्याने भरले. ऊन उतरलं की लेपाचा एकेक हात द्यायचो. हात चालू असताना मामाजी बोलू लागले. लहानपणी तो पाण्याला फार भ्यायचा म्हणे, नदीवर आंघोळीला नेलं की गळ्याला मिठी मारून रडायचा. मला हे ठाऊकच नव्हतं.

"नावेत बसला की एका हातानं काठ घट्ट धरून ठेवायचा," मी म्हणाले. "मी विचारलं तर म्हणे, सवय आहे."

मामाजी हसले. हसता हसताच त्यांनी लेपाने माखलेला हात डोळ्यांवर धरला.

लेप पुरता वाळल्यावर त्यांनी डेकवर बादल्या ओतल्या. मी कप्प्यात वाकून सगळीकडे हात फिरवला.

"कोरडं आहे, मामाजी."

"एक थेंबही नाही?"

"नाही."

"त्याले दाखवाले पाहिजे होतं," ते म्हणाले आणि रिकामी बादली खाली ठेवली.

आम्हा दोघांना नाव चालवता येत नव्हती. शेवटी नदीवरच्या एका मासे धरणाऱ्याला देऊन टाकली. तो ट्रॅक्टर घेऊन आला, तेव्हा मामाजी त्याला दोनदोनदा बजावत होते, "उन्हाळ्यात लेपाचा हात देत जाजो गा, विसरू नको." ट्रॅक्टर वळणाआड गेला. मामाजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्यासमोर कधी रडले नव्हते. त्या दिवशी रडले.