कौसाबाईच्या हातचे हार

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी गडचिरोलीच्या बाजारात आमच्या जुन्या गावचा लक्ष्मण कोतवाल भेटला. तालुक्याच्या मूलपासून तीन कोसांवरचं ते गाव. तिथे मी सहा वर्षं मास्तरकी केली आणि शाळेच्याच कोपऱ्यात टेबल टाकून टपालाचं कामही पाहिलं. राम राम झाला, धानाचं कसं काय ते विचारून झालं, आणि मग लक्ष्मण म्हणाला, “मास्तर, तुमाले कळलं का नाई? कौसाबाई गेली नं. आठ दिवस ताप होता, उठलीच नाई.” माझ्या हातात भोपळा होता, तो तसाच धरून मी उभा राहिलो. मला वाईट वाटलं असेल म्हणून की काय, तो पुढे समजूत घालायला लागला. “पण भाग्याची गेली मास्तर. सवाशीण गेली. बायांनी हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. नवरा कुठी हाये ते देवाले मालूम, पण कुंकू घेऊन गेली बिचारी.” मी मान हलवली. दुसरं काय करणार? कौसाबाई सवाशीण नव्हती. पाच वर्षांपासून नव्हती. गावात ही गोष्ट दोघांनाच माहीत होती आणि त्यातली एक आता गेली होती.

कौसाबाई लग्नाची फुलं करायची. ‘फुलं विकायची’ म्हटलेलं तिला खपायचं नाही. “विकते तो बाजारातला. मी करतो,” असं ती म्हणे. हार, गजरे, शिंदीच्या पानांची बाशिंगं, मांडवाच्या मेढींना बांधायच्या जांभळीच्या डहाळ्या, सगळं तिच्याकडे. मूलपासून पार सिंदेवाहीपर्यंतच्या खेड्यांतून लोक बैलगाडी जुंपून तिला न्यायला येत. आधी ती नवरी पाहायला जायची. नवरीच्या आईला वाटायचं, फुलवालीला काय करायचंय पोरगी पाहून? पण ही तिला उभी करणार, वळवणार, चालायला लावणार. पोरगी सावळी असली तर कुड्याची पांढरी फुलं, उंच असली तर पदकाला बोडीतलं, म्हणजे गावतळ्यातलं, कमळ. नवरा बुटका असला की त्याचा हार आखूड. “हार गळ्यासाठी असते, पायात अडकवायले नाई,” हे एका मालगुजाराला तोंडावर ऐकवलेलं मी स्वतः ऐकलंय. वैशाखात जंगलात बहावा फुलला की जवळच्या गोंडांच्या पाड्यावरच्या बाया तिला पहाटे भारे आणून देत. ते पिवळे घोस ती बोहल्यावर उलटे टांगायची, आणि खाली उभी असलेली कसलीही काळीबेंद्री पोर त्या पिवळ्या उजेडात अशी दिसायची, की सासूसुद्धा दोन घटका नाक मुरडायचं विसरे.

तिचा नवरा महादेव लग्नानंतर चार-पाच वर्षांनी बिलासपूरकडे कोळशाच्या खाणीत गेला. दोन वर्षं मनिऑर्डरी आल्या, मग बंद झाल्या. मूलबाळ नाही, सासू-सासरे आधीच वारलेले. नवरा नाही पण कुंकू आहे, अशी ती राहत होती. आणि त्या कुंकवावर तिचं सगळं चाललं होतं, कारण लग्नाच्या हाराला विधवेचा हात चालत नाही. हे कुठं लिहिलेलं नाही, पण आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

ते कार्ड आलं चैत्रात. मूलहून टपालाची थैली आली, मी सील तोडलं, आणि वरच ते कार्ड. कोपरा फाडलेला. ज्या कार्डात मरणाची बातमी असते त्याचा कोपरा फाडतात, हे अक्षर न येणाऱ्यालाही कळतं. महादेवच्या सोबत्यानं लिहिलं होतं, पटकीनं गेला, तिथेच माती दिली. शाळा सोडून मी तिच्या घरी गेलो. ओसरीत ओल्या पोत्यावर मोगऱ्याचा ढीग, आणि ती केळीच्या दोरात हार ओवत बसलेली. दुसऱ्या दिवशी पाटलाच्या मुलीचं लग्न होतं. मी कार्ड खिशातून काढलं. तिनं पाहिलं, पण हात थांबला नाही.

“वाचा,” म्हणाली.

मी वाचलं. चारच ओळी होत्या. ती ओवत राहिली… मला वाटलं, आता हंबरडा फोडेल, शेजारच्या बाया धावतील, बांगड्या फुटतील. मी आपला तयारीत उभा. दोराला गाठ मारून ती म्हणाली, “मास्तर, हे कार्ड तुमच्याजवळच ठेवा.”

“काऊन?” ‘का’ऐवजी माझ्या तोंडून तिचाच शब्द निघाला.

“मले दुसरं काईच येत नाई,” ती म्हणाली. “इतकंच येते.”

मग ती उठली. ऊन लागलं म्हणून शेजारणीला सांगून तिनं न्हाणीत डोक्यावरून दोन घागरी पाणी घेतलं, कोरडं लुगडं नेसली, कपाळाला कुंकू लावलं आणि परत हारावर येऊन बसली. तेवढंच तिचं सुतक. मी घरी जाऊन आईलाही काही बोललो नाही. पाटलाच्या मुलीचं लग्न थाटात लागलं, आणि त्या मांडवात मी कौसाबाईकडे पाहायचं टाळत होतो. ती मात्र कुणाचा तरी सुटलेला गजरा बांधून देत होती, हसत होती.

आता वाटतं, त्या बाईनं रडायचं कुठं? घरात रडली तर भिंतीला कान. नदीवर रडली तर बाया विचारणार. माझ्यापाशी यावं, तर मी बिनलग्नाचा मास्तर, गावाची तोंडं कोण धरणार? ती येतच नसे. टपाल घ्यायलासुद्धा नाही. तिला आता टपाल कुठलं येणार म्हणा… फक्त बाजारच्या दिवशी ती वडाखाली उभी राहायची आणि गावोगावहून आलेल्या माणसांना अडवून एकच विचारायची, “आपली पोरगी कशी हाये? जावई बरा हाये नं?” जिच्या लग्नाचे हार केले तिची चौकशी चुकली नाही. लोक म्हणायचे, काय माया आहे हो कौसाबाईला! माया होतीच. पण उत्तर येईपर्यंत तिच्या हाताच्या मुठी कशा आवळलेल्या असायच्या, ते मी शाळेच्या खिडकीतून पाहत होतो. ती भीत होती. आपल्या हातानं कुणाचं वाईट तर झालं नसेल ना, हे ती दर बाजाराला तपासून घेत होती.

आणि दोन वर्षांनी झालंच. शेवंता नावाची पलीकडच्या खेड्यातली मुलगी, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, नवरा हिवतापानं गेला. पंधराएक दिवसांनी, पोरं घरी गेल्यावर कौसाबाई शाळेत आली. कार्ड आल्यापासून पहिल्यांदा ती माझ्याशी एकटी बोलायला आली होती. दारातच बसली. “माह्या हातानं झालं, मास्तर.”

मी काय केलं असेल? व्याख्यान दिलं. हिवताप डासांनी होतो, तुझ्या हारानं नाही. त्याच गावात त्याच महिन्यात आणखी चौघे गेले, त्यांच्या गळ्यात तू कुठे हार घातले होतेस? आणि तुझ्या हातचे हार घालून ज्या सुखानं नांदताहेत त्यांचं काय? खूप बोललो. फळ्यावर डाससुद्धा काढून दाखवला, आता सांगायला लाज वाटते. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, “तुमाले खरंच वाटत नाई असं? मनातून?”

“अजिबात नाही,” मी म्हणालो. “उद्या माझ्या घरचं कार्य निघालं तरी हार तूच करशील.”

पंधरा दिवस तिनं सुईदोऱ्याला हात लावला नव्हता. त्या संध्याकाळी घरी जाऊन तिनं पुन्हा हार करायला घेतला. माझ्या शब्दावर. मला तेव्हा मोठी धन्यता वाटली होती. पुढे शेवंताकडे ती दर महिन्याला पायी जायची, तिच्या घरी धान सडून द्यायची. ते मला फार उशिरा कळलं.

पुढच्या वैशाखात माझ्या बहिणीचं, विमलचं लग्न ठरलं. वडील नाहीत, घरात मीच मोठा. मुलगा गडचिरोलीतला, सरकारी कचेरीत कारकून. आईनं पहिल्याच दिवशी म्हटलं, कौसाबाईला निरोप धाड. आणि मी… मी म्हणालो, “फुलं नागपूरहून मागवू. मुलाकडची माणसं शहराची आहेत, गुलाब पाहिजेत.” असं कुणी मागितलेलं नव्हतं. कुणी गुलाबाचं नावही काढलं नव्हतं. आदल्या रात्रभर मला झोप नव्हती. एकच विचार, विमल लहानपणापासून अशक्त, आणि उद्या काही झालं तर? मला ठाऊक असून मी होऊ दिलं, असं मला आयुष्यभर वाटेल. डास, फळा, व्याख्यान, सगळं कुठल्या कुठे गेलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

लग्नाच्या सकाळी गुलाबाच्या टोपल्या आल्या. नागपूरहून गाडी बदलत, मूलहून बैलगाडीनं, वैशाखातल्या उन्हात. उघडल्या तर पाकळ्या काळ्या पडलेल्या आणि वास यायला लागलेला. मांडवात एकच गडबड. कौसाबाई पाहुणीसारखी आली होती, चांगलं लुगडं नेसून. आई तिच्याकडे धावली, “अगं बाई, बरी आलीस. दोनच हार करून दे, मोगरा आहे शेजारी.” सगळ्या बाया म्हणायला लागल्या, हो हो, कौसाबाई, बसा. गर्दीतून तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी खाली पाहिलं.

“बोट कापलं हाये वो माय,” ती आईला म्हणाली, आणि पदराची किनार बोटाला गुंडाळून दाखवली. “आज नाई जमत.” बोटाला काही झालेलं नव्हतं. ते तिला माहीत होतं आणि मलाही. बायांनी जमेल तसे वेडेवाकडे हार केले आणि लग्न लागलं. निघताना ती मला म्हणाली, “छान झालं मास्तर.” टोमणा नव्हता हो त्यात. टोमणा असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर माझी बदली होईपर्यंत वर्षभर दर बाजाराला ती मला विचारायची, “आपली विमल कशी हाये? जावई बरा हाये नं?” तिच्या हातचा हार विमलच्या गळ्यात नव्हता, तरी मुठी तशाच आवळलेल्या. मी ‘बरी आहे’ म्हणायचो आणि वाटेला लागायचो. कितीदा मनात आलं, म्हणावं, कौसाबाई, मी चुकलो. तोंडाशी आलेला शब्द दर वेळी गिळला. गाव सोडतानाही गिळला. आता म्हणायला ती नाही.

हे वर्तमानपत्रात का लिहितो आहे, असं कुणी विचारील. तिचं आता कुणी काही बिघडवू शकत नाही, म्हणून. त्या पाच वर्षांत मूल-सिंदेवाहीकडे ज्यांच्या गळ्यात कौसाबाईचे हार पडले, त्यांनी समजून असावं की ते एका विधवेनं केले होते, आणि त्यांच्याइतके देखणे हार पुन्हा कुणाला मिळायचे नाहीत. ज्यांना विटाळ वाटेल त्यांनी मला दोष द्यावा. मला त्याची सवय आहे.

परवा भाऊबीजेला विमल आली होती. दोन पोरं अंगाखांद्यावर, प्रकृती ठणठणीत, नवराही धडधाकट. ओवाळून झाल्यावर कौसाबाईचा विषय निघाला. ती गेल्याचं तिलाही कळलं होतं. विमल हसत म्हणाली, “दादा, वेडीच होती रे ती. माझ्या लग्नात, तुला माहीत नाही, मी हळदीचं अंग धुवायला मागच्या दारी गेले, तर ही गोठ्यात बसून हार करतेय. काय सुरेख हार, मोगऱ्याचा, मध्ये कमळाची कळी! मी म्हटलं, अगं दे ना मला. तर म्हणते कशी, हे तुह्यासाठी नाई बाई, हात राहत नाई म्हणून करून राह्यली. आणि उठली, तो हार आपल्या कपिलेच्या गळ्यात घातला. म्हणाली, हिले चालते.” विमल पुन्हा हसली. “गाईला काय चालतं, काय नाही चालत? मला काही कळलंच नाही.”

मग मी विमलला सगळं सांगितलं. कार्ड, शेवंता, नागपूरचे गुलाब, सगळं. मांडीवरचं पोर झोपलं होतं, त्याला ती थोपटत राहिली… मी वाट पाहत होतो, रागावेल, निदान माझी समजूत तरी घालेल.

“मलाही चाललं असतं ना रे दादा,” ती म्हणाली.