मखरातला सूर्योदय

रोह्यातल्या आमच्या मंडळाचा गणपती पेणजवळच्या जोह्याहून येतो. त्याच्या डोळ्यांची आखणी इतकी नाजूक असते की ती स्वच्छ पांढऱ्या उजेडातच नीट दिसते. म्हणून यंदा मखराला एलईडीची पट्टी लावून ती छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावरून चालवायचं काम मी अंगावर घेतलं. प्रोग्रॅममध्ये पांढराच रंग दिला होता. पण पट्टी लांब, वायर फक्त खालच्या टोकाला जोडलेली, त्यामुळे वरपर्यंत वीज पुरेना. पायांशी पांढरा असलेला उजेड मुकुटापर्यंत जाता जाता नारिंगी झाला आणि डोळे त्यात बुडाले.

पहिल्याच आरतीला अध्यक्षांनी माइक घेतला आणि ‘कोकणातला सूर्योदय’ या कल्पनेमागचं आपलं चिंतन बराच वेळ उलगडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मी वरच्या टोकालाही वीज जोडली. उजेड सगळीकडे सारखा पांढरा झाला.

"बिघडवलंस ना?" अध्यक्ष म्हणाले. "सूर्य कुठं गेला?"

"काका, तो बिघाडच होता. आता डोळे बघा, कसे दिसतायत."

"डोळे दरवर्षी असतात. आज पाहुणे सूर्योदय बघायला येतायत, त्यांना काय ट्यूबलाइट दाखवू?"

मी वायर आणि विजेचं गणित समजावू लागलो. आरतीचं ताट घेऊन आलेल्या काकूंनी मला मध्येच थांबवलं. "नाय रे, कालचंच बरं होतं."

शेवटी मी स्टुलावर चढून वरची वायर काढली. चेहरा पुन्हा नारिंगी झाला.

"आता कसं," खालून अध्यक्ष म्हणाले, "देवाला तेज आलं."