टाळीवर लागणारे दिवे

मुलांनो, घाटकोपरला माझी जुनी मैत्रीण मुलींसाठी कॉम्प्युटरचा वर्ग चालवते. शिवण शिकवायला तिने मला बोलावलं होतं. तिथे मुली नाटकासारख्या भूमिका घेऊन शिकत. सातवीतली एक मुलगी कानामागे पेन्सिल खोचून कायम इंजिनिअर व्हायची. तिने वीज वाहणाऱ्या दोऱ्याने जाकिटावर दिवे शिवले आणि टाळी वाजली की ते लागावेत असा प्रोग्रॅम लिहिला. प्रदर्शनात तो ही मुलगीच समजावून सांगेल, असा शब्द मैत्रिणीने दिला होता. मुलीच्या आईला तो शब्द मीच कळवला.

प्रदर्शनाच्या दिवशी मैत्रीण म्हणाली, "मुलींनो, तुम्ही फक्त शिवलेलं घालून झकास चालून दाखवा. बोलतील आपले कॉम्प्युटरचे सर."

"मॅडम, प्रोग्रॅम मी लिहिलाय ना?"

"अगं, पाहुणे मोठे आहेत. तू हस फक्त."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मैत्रिणीकडे पाहिलं, तर ती पाहुण्यांच्या खुर्च्या सरळ करत होती.

सरांनी टाळी वाजवली. दिवे लागले नाहीत.

"दोरा सैल असेल," सर म्हणाले.

"सैल नाहीये. बॅटरी माझ्याकडे आहे," मुलीने मूठ उघडून दाखवली. "आधी माईक द्या."

माईक काही मिळाला नाही. जाकीट काढून खुर्चीवर ठेवून मुलगी निघून गेली. पुढच्या शनिवारी ती वर्गाला आली नाही. मीही गेले नाही.