चाळीस फोटो आणि एक हनुवटी

कोणत्याही कलाकृतीचा आत्मा म्हणजे दिग्दर्शकाची दृष्टी. हे वाक्य मी आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात गेली वीस वर्षं म्हणत आलो आहे आणि अजून कोणी त्याचा प्रतिवाद केलेला नाही. (कोणी ऐकलंय असाही पुरावा नाही.)

त्यामुळे माझा धाकटा भाऊ दिगंबर झरी गावात साड्यांचं दुकान टाकायला निघाला आणि फ्लेक्ससाठी फोटो काढायची वेळ आली, तेव्हा दिग्दर्शन मी आपणहून हाती घेतलं. मला कोणी बोलावलं नव्हतं. पण परभणीहून झरी काही लांब नाही.

प्रसंग बिकट होता. उद्या सकाळी उद्घाटन. फ्लेक्सवाल्याला पाचच्या आत फोटो हवा. आणि ठरवलेली मॉडेल तापानं आडवी! शेवटी दिगंबरनं आपल्या बायकोलाच, सविताला, तयार केलं.

"दादा, समोरच्या दुकानावर हिरोईन हाय," तो घाम पुसत म्हणाला. "आपल्या बोर्डावर निदान एक तोंड तरी दिसलं पायजे. न्हाई तर लोकं म्हणतील, हे पडदे विकायलेत."

आमच्याच शेतात, फुटलेल्या कापसाच्या ओळीत सविता उभी राहिली. लालभडक साडी, हातभर काठ, मागं पांढराशुभ्र कापूस. फोटोग्राफर मुनीर म्हणाला, "वा भाभी, एक नंबर!" तेव्हा मी अजून गाडीतून उतरत होतो. मी समोर येऊन उभा राहिलो आणि सविताचा पदर डोक्यावर आला.

"छान! पारंपरिक!" मी म्हणालो. "आता मान जरा वर."

मान वर गेली. पदर कपाळावर आला.

"नजर माझ्याकडे!"

पदर नाकापर्यंत आला.

मी वाचलं होतं, की मॉडेल लाजत असेल तर तिच्याशी संवाद साधावा. साधला. "सविता, काही अडचण आहे का?"

ती दिगंबरकडे वळून हळूच म्हणाली, "त्यांना म्हणावं, ऊन लय लागायलंय."

"तिला ऊन लागायलंय," दिगंबरनं दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या मला सांगितलं.

मी तिला बाभळीच्या सावलीत हलवलं. मग साडीचा रंग चुकतोय असं वाटलं म्हणून हिरवी नेसायला लावली. मग जांभळी. एकदा घडी मोडली, की साडी नवी म्हणून विकता येत नाही. दिगंबर प्रत्येक घडीला असा बघत होता, जणू कोणी त्याच्या बरगड्या उलगडतंय. मी वेगवेगळे कोन सुचवले. बैलगाडीवर चढून वरून बघितलं, बांधावर उताणा पडून खालून बघितलं. मी जिकडून बघे, पदर तिकडून खाली येई! त्या मुलीला कोनांची जाण विलक्षण होती.

"किती झाले?" मी मुनीरला विचारलं.

"चाळीस, सर. हनुवटी लय भारी आलीय."

"आणि चेहरा?"

"साडी दिसायलीय, सर. आत कोण हाय, ते दिसंना."

आता करून दाखवण्याशिवाय इलाज नव्हता. मी लाल साडीचा पदर खांद्यावर टाकला, कंबर डावीकडे, मान उजवीकडे, एक गुडघा किंचित वाकलेला. वेरूळची लेणी मी तीनदा पाहिली आहेत. पलीकडं कापूस वेचणाऱ्या बाया कंबर सरळ करून उभ्या राहिल्या.

"बाई बाई, ह्या मास्तरला काय झालं गं?"

"उन्हानं झालं असंल!"

चार वाजून गेले होते. दिगंबर बांधावर डोकं धरून बसला होता. तेवढ्यात आमची आई चहाची किटली घेऊन आली. तिनं मला बघितलं, सविताला बघितलं आणि किटली खाली ठेवली.

"आरं, तू भाया हायस तिचा, नवऱ्याचा थोरला भाऊ! भाया समोर उभा आसल्यावर ती तोंड कसं दाखवील?"

"आई, मी तर पडदा मानतच नाही! त्यांच्या लग्नातच सगळ्यांसमोर सांगितलं होतं."

"तू मानत न्हाईस. ती मानतीया ना. तिला इचारलं का कदी?"

विचारलं नव्हतं. फक्त जाहीर केलं होतं.

आईनं मला विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागं पाठवलं. तिथून मला काही दिसत नव्हतं, पण दृष्टी गप्प बसत नाही. मी ओरडलो, "हनुवटी खाली!"

मुनीर कळवळला, "पदर आला सर, परत पदर आला!"

मग आईनं माझा दंड धरून मला रस्त्यावरच्या गाडीत नेऊन बसवलं, काचा वर करायला लावल्या आणि दार स्वतः लावलं.

पावणेपाचला फोटो फ्लेक्सवाल्याच्या मोबाईलवर गेला. सकाळी दुकानावर फ्लेक्स चढला: पदर खांद्यावर, कंबर डावीकडे, मान उजवीकडे, आणि पोट धरून हसणारी सविता. समोरची हिरोईन तिच्यापुढं आजारी दिसत होती. "ह्या पोरीला बघूनच आत आले," असं पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं.

ती एवढी हसली कशाला, हे मी मुनीरला विचारलं. भाभी तुमची नक्कल करत होत्या, असं तो म्हणाला.

हा फोटो काढायला सहा मिनिटं लागली. त्या वेळी दिग्दर्शक काचा वर केलेल्या गाडीत झोपला होता.