काशीदचं रिकामं चॅनेल

"तुमचं मशीन बंद करा," दारात उभी असलेली बाई म्हणाली. तिच्या हातात वॉकीटॉकी होता आणि तिला धाप लागली होती.

डेमो ऐन रंगात आला होता. काशीदच्या टेकडीवरच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार साहेब प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. टेकडीपलीकडच्या वाडीतल्या आरोग्य उपकेंद्राला आम्ही नेट देतो. केबल नाही, मोबाइल कंपनीचा टॉवर नाही. टीव्हीसाठी राखलेली बरीचशी चॅनेल्स या भागात रिकामी पडून आहेत, त्यांच्यावरून देतो. चाचणीचा सरकारी परवाना आहे.

या प्रकाराला कॉग्निटिव्ह रेडिओ म्हणतात. नावाला घाबरू नका. गावातलं समाजमंदिर लग्नाकार्यासाठी बांधलेलं असतं. कार्य नसेल तेव्हा पोरं तिथे अभ्यासाला बसतात आणि वऱ्हाड आलं की दप्तरं उचलतात. आमचा रेडिओ तेच करतो. मधूनमधून गप्प राहून ऐकतो. चॅनेलवर कोणी नसेल तर आपला डेटा पाठवतो, कोणी आलं तर उठून दुसऱ्या चॅनेलवर जातो. मी माणगावची, असल्या यंत्रांच्या मागे फिरून केस पिकले, पण हा रेडिओ मला मनापासून आवडतो. न सांगता उठणारं यंत्र दुर्मीळच.

"बाई, इथे मीटिंग चालू आहे," आमचे प्रोजेक्ट हेड दातार सर म्हणाले.

"चालू द्या. माजा भाव दर्यात हाय."

तिचं नाव हिरा. भाऊ किसन पहाटे एकटाच होडी घेऊन गेला होता, आणि घरचा सेट ती सांभाळते. "इंजिन बंद पडलंय, येवढंच आयकू आलं," ती म्हणाली, "मंग नुसती खरखर. तुमचा खांब लागल्यापास्नं असंच व्हतंय."

"फोन लावून बघितला?" मी विचारलं.

"तिकडं रेंज कुठली?"

"मग दुसरी होडी पाठवा ना."

"कुठं पाठवू? त्यो गेलाय कुठं ह्ये कुणाला म्हाईत हाय?"

मला वाटलं, ती घाबरून काहीबाही बोलतेय. पण तसं नव्हतं, हे तिच्याच बोलण्यातून कळलं. मासळी कुठे लागते हे इथे कोणी कोणाला सांगत नाही, घरातसुद्धा. सेटवर तर मुळीच नाही. एकाच्या तोंडून जागा निसटली की तासाभरात दहा होड्यांची जाळी तिथे पडतात. म्हणून ही माणसं अगदीच अडल्याशिवाय सेटवर बोलत नाहीत. नुसतं बटण दाबून सोडतात. दोनदा दाबलं म्हणजे सगळं ठीक. तीनदा म्हणजे ये.

हे ऐकलं आणि मी स्क्रीनकडे वळले.

स्क्रीनवर चॅनेलचा आलेख सरकत असतो. त्यात बारीक, सुईसारखे काटे उमटत होते. थोड्याच वेळापूर्वी मी साहेबांना तेच काटे दाखवून म्हणाले होते, "हा कचरा आहे. मोटारसायकलचा स्पार्क, पंपाची मोटर, असलं काहीतरी. आपलं सॉफ्टवेअर तो गाळून टाकतं." साहेबांनी माना डोलावल्या होत्या. आता मी ते काटे नीट बघितले. तीन काटे. मग मोकळी जागा. पुन्हा तीन.

इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण स्क्रीनवरच्या कचऱ्यातून माणूस हाक मारताना मी तोवर कधी पाहिला नव्हता. यंत्र चुकलं नव्हतं. क्षणभराच्या सिग्नलला माणूस धरायचं नाही, असा नियम असतो. नाहीतर खालून एखादी बाइक गेली तरी रेडिओ चॅनेल सोडून पळत सुटेल. किसन बटण दाबत होता, रेडिओ त्याला खुशाल गाळत होता आणि त्याच चॅनेलवर आपला डेटा ओतत होता.

"सर, हा तिचा भाऊ आहे," मी स्क्रीनवर बोट ठेवलं.

सरांनी बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "या बँडवर बोलायचं लायसन्स आहे का त्यांच्याकडे? बाजारातले स्वस्त सेट आहेत हे. त्यांना वाट द्यायचं आपल्यावर कसलंही बंधन नाही. डेमो उरकू दे, मग बघू."

कागदावर सर शंभर टक्के बरोबर होते. मला त्याचाच जास्त धक्का बसला. उपकेंद्रातली नर्स त्या वेळी याच लिंकवरून डॉक्टरांना रिपोर्ट दाखवत होती, आणि साहेब तेच बघायला आले होते. हाताने चॅनेल बदलायचं तर सिस्टिम रिस्टार्ट करावी लागते, त्यात वेळ जातो. मी सरळ रेडिओचा पॉवर स्विच बंद केला. स्क्रीनवरच्या नर्सचा चेहरा गोठला.

हिराच्या सेटची खरखर थांबली आणि आवाज आला.

"ताय, आयकतेस का?"

"आयकते. कुठं हायस?"

"नांगर धरत न्हाय. वारा खडकांकडं ढकलतोय."

"आरं पन हायस कुठं?"

सेट गप्प. मला वाटलं, बॅटरी गेली. मग आवाज आला, आधीपेक्षा हळू. "आपली जागा गं. बाबा न्यायचं ती."

"मला कवा नेलं बाबांनी? नीट सांग."

"सगळी आयकतात गं."

एक साहेब खुर्चीतून अर्धवट उठले होते, ते तसेच राहिले. होडी खडकांवर चालली आहे आणि हा माणूस मासळीची जागा लपवतोय. मला त्याचा राग आला, भीती वाटली, आणि खरं सांगते, सेट हिसकावून त्याला चार शिव्या द्याव्यात असंही वाटलं. ते काम हिराने केलं.

"मेल्या, तू गेलास तर जागा चाटायची काय आमी? बोल."

मग तो बोलला. चौलचा दत्ताचा डोंगर आणि कोर्लईचं दीपगृह एका रेषेत, आठ वाव पाणी. दर्यावर पत्ता असाच सांगतात. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एकामागे एक आल्या की रेषा ठरते, आणि पाण्याची खोली सांगितली की त्या रेषेवरची जागा ठरते. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी लांबी.

त्या चॅनेलवर खरोखरच सगळे ऐकत होते. तीन होड्या वळल्या. पहिली पोचली ती शेजारच्या गावची, ज्यांच्यापासून किसनच्या घराने ती जागा दोन पिढ्या लपवली होती. त्यांनीच दोर टाकला आणि त्याला ओढून आणलं. खडक अगदी जवळ आले होते, असं ते नंतर सांगत होते. किसन मात्र वाळूवर मान खाली घालून बसला होता. जीव वाचल्याचा आनंद मला त्याच्या तोंडावर दिसेना.

दुसऱ्या दिवशी त्या तिन्ही होड्यांची जाळी त्याच जागेवर पडली. किसनची होडी काठावर होती, इंजिन उघडून ठेवलेलं.

आमचं म्हणाल तर डेमो फसला. नर्सने रिपोर्ट पुन्हा दाखवले आणि सर दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलले. मग स्वतःच म्हणाले, "नियम बदलून टाका." मी बदलला. बारीक काटे ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा दिसले की आता रेडिओ त्यांना माणूस धरतो आणि उठतो. कधीतरी तो एखाद्या पंपालाही मान देतो. देऊ दे.

हे सांगायला मी हिराकडे गेले. म्हटलं, तुमचं चॅनेल आम्ही कायमचं सोडतो, तिथे पाऊलही ठेवणार नाही.

"आमी बदललं त्ये," ती सुरमई कापता कापता म्हणाली. "त्ये आमचं हाय, सगळ्यांना कळलं व्हतं."

"आता कुठलं घेतलं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या कपाटाची चावी मागितली होती.

आता आमचा रेडिओ रोज त्यांना शोधतो आणि सापडले की त्यांच्या वाटेतून बाजूला होतो. ज्यांना सापडायचंच नाही अशांना शोधून वाट द्यायची, हे आमच्या परवान्यात कुठेच लिहिलेलं नाही.