रावसाहेबांची लाल पेन्सिल

इतिहास लिहायला बसलं की इतिहास थोडा आणि किस्सेच फार जमतात. आमच्या अमरावतीच्या मंडळाचं तसंच झालं. इंग्रज नुकताच गेला होता. त्याच्या राजवटीत वऱ्हाडात गावोगाव काय जुलूम झाला, ते लोकांच्या तोंडून लिहून काढायचं, असं आम्ही चौघांनी ठरवलं. नियम एकच. ज्या गावची साक्ष, त्याच गावच्या चावडीवर ती मोठ्याने वाचायची, मग सांगणाऱ्याचा अंगठा घ्यायचा आणि अंगठ्याखाली त्याचं नाव लिहायचं. लिहिणारा मी, शाळामास्तर.

*

बसायला खोली हवी, कागदांना कपाट हवं. दोन्ही रावसाहेबांकडे होतं, म्हणून अध्यक्ष रावसाहेब! कालपर्यंत हे इंग्रजांचे ऑनररी मॅजिस्ट्रेट, आज अंगात खादी. आमच्यातले अकोल्याचे बापूसाहेब वकील कडाडले, "मास्तर, खोली घ्या, पन मानूस कावून घेता?"

आम्ही माणूसही घेतला. आमचीच अक्कल!

*

पहिली साक्ष दर्यापूरकडच्या सरूबाई माळणीची. बाजारात वांगी विकायला आली होती. चावडीवर झेंडा लावला म्हणून तिच्या नवऱ्याला फटके मारले, तो पुन्हा उठला नाही.

"हुकूम रावसायबानं देल्ला. त्यायचं नाव कागदावर पाह्यजे, मास्तर. दुसरं मले काई नोको."

मी नाव लिहिलं. आणि कागद ठेवला रावसाहेबांच्याच कपाटात!

*

बार्शीटाकळीकडचा म्हातारा कोतवाल तोंडच उघडेना. म्हणाला, "आधी सायबाची परवानगी आना."

"अहो बाबा, साहेब गेला विलायतेला!"

"गेला? मंग ठान्यात जमादार तोच कावून हाय?"

पेढे वाटून स्वातंत्र्य साजरं केलेले आम्ही कागद गुंडाळून उठलो.

*

रावसाहेब प्रत्येक साक्ष तपासत. हातात लाल पेन्सिल. जिथे माणसाचं नाव, तिथे काट मारून 'सरकारने'. दार सरकारने फोडलं, धान्य सरकारने नेलं, काठी सरकारने मारली! वर आम्हालाच उपदेश, "व्यक्तिद्वेष नको, मास्तर. हा इतिहास आहे!"

बापूसाहेब भडकले, "सरकारले एवढे हात होते, अन् एकाही हाताले नाव नोतं?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण सरूबाईचा कागद 'सरकारने' घालून नव्याने उतरवला तो मीच. खोली त्यांची होती ना! आजही स्वतःचीच चीड येते.

*

मग सरूबाईच्या गावी वाचन. चावडीवर खुर्ची, खुर्चीत हार घातलेले रावसाहेब. मी वाचलं, "फटक्यांचा हुकूम सरकारने दिला."

सरूबाई उभी राहिली. "हे कोनं सांगतलं?"

रावसाहेब हसून म्हणाले, "बाई, मी जरा नीटनेटकं केलं. अर्थ तोच आहे."

"म्हंजे हे तुमचं सांगनं होय?"

"हो, माझंच."

सवयीने मी शाईची डबी तिच्यापुढे धरली. तिने हात पदराखाली घेतला.

"मंग अंगठा रावसायबाचा घ्या, मास्तर. अन् खाली त्यायचं नाव लिवा!"