जिलेबी आणि रक्ताचा थेंब

रविवारी सकाळी मी शिरपूरजवळच्या आमच्या गावात होतो. समाजमंदिरात तपासणी शिबिर होतं. यंत्र माझ्या धाकट्या बहिणीनं, माधुरीनं, बनवलेलं.

यंत्र म्हणजे डब्यात बसवलेली एक चिप... पोस्टाच्या तिकिटाएवढी. तिच्यात केसाहून बारीक नाल्या. रक्ताचा एक थेंब आपोआप त्यांतून वाहतो आणि टोकाच्या सेन्सरपर्यंत पोचतो. तो रक्तातली साखर किती ते सांगतो. धुळ्याच्या लॅबमध्ये ती कित्येक वर्षं यावर काम करते आहे. गावासमोर मात्र पहिल्यांदाच.

नानांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, आनंद गगनात मावेना. रांगेतल्या प्रत्येकाला त्यांनी जिलेबी वाटली. तपासणी उपाशीपोटी, म्हणून कोणी खाल्ली नाही. सगळे ती कागदात धरून शिस्तीत उभे राहिले.

पहिल्या माणसाची साखर जास्त निघाली. दुसऱ्याचीही... मग सगळ्यांचीच.

शेजारच्या लक्ष्मीअक्का आकडा ऐकून खालीच बसल्या. त्यांचे यजमान याच साखरेच्या दुखण्यानं गेले. आधी पाय, मग माणूस. त्यांनी पदर घट्ट धरला.

मागून कोणीतरी म्हणालं, "काय व माधुरी, बठ्ठं गाव गोड व्हई गयं का?"

सगळं गावच गोड झालं, म्हणून लोक हसले. नाना हसले नाहीत.

माधुरीनं तपासणी थांबवली. सर्वांसमोर स्वतःच्या बोटाला सुई टोचली. तिचीही साखर जास्त... ती बोटाकडे बघत राहिली. मग अंगठा बोटावर घासला. चिकट होतं. तिनंही नानांकडून जिलेबी घेतली होती.

स्पिरिटचा बोळा प्रत्येकाच्या बोटावरून फिरला होता. पण पाक तो पाक, स्पिरिटनं निघत नाही. ती नळावर गेली, साबणानं हात धुतले, कोरडे केले. पुन्हा टोचलं. आकडा नेहमीचा आला.

मग ती लक्ष्मीअक्कांसमोर उकिडवी बसली. त्यांचे हात स्वतः धुतले. नवी चिप लावली. आकडा आला. साखर वाढलेली नव्हती.

"अक्का, साखर तुम्हना रंगतमा नही," ती म्हणाली, "बोटवर शे."

अक्कांनी पदर सोडला.

रक्तात नाही, बोटावर. एवढ्या वाक्यात तिनं स्वतःची चूक सांगून टाकली. हात धुवायला सांगायचं तीच विसरली होती, हेही तिनं रांगेला सांगितलं. मग चिपमध्ये काय चालतं ते अहिराणीत समजावलं. एकही इंग्रजी शब्द नाही... ठिबकच्या नळ्या, वाफे, पाणी. मी जळगावला कॉलेजात भाषा शिकवतो. मला ते इतकं सरळ सांगता आलं नसतं.

आधी तपासलेल्या सगळ्यांची तपासणी पुन्हा झाली. दोघांची साखर खरंच जास्त निघाली. त्यांना तिनं शिरपूरला डॉक्टरांकडे पाठवलं.

नाना कोपऱ्यात जाऊन बसले होते. पोरीचा दिवस आपण बिघडवला, असं त्यांना वाटत होतं. ती जवळ जाऊन म्हणाली की लॅबमध्ये कोणी जिलेबी वाटत नाही, त्यामुळे हे तिथं कधी कळलंच नसतं. आता चिपला एक आडवी नाली काढणार. ठिबकचं पहिलं गाळाचं पाणी आपण सोडून देतो, तसं थेंबातलं पहिलं, बोटावरचा पाक लागलेलं रक्त तिकडे सोडून द्यायचं.

नानांनी ती चिप हातात घेऊन पाहिली. मग उरलेली जिलेबी पुढे केली.

तिनं ती सर्वांसमोर खाल्ली... आणि पुढच्या माणसाला हात लावण्याआधी उठून हात धुऊन आली. माझी बहीण कोण आहे, ते मला त्या नळापाशी कळलं.